जपानच्या दोन याद्या : कारागिरीला मान, कारागिराला डाग

“जपानमध्ये बघा, चांभाराच्या मुलाला चांभारकीची लाज वाटत नाही. तिथे श्रमाला प्रतिष्ठा आहे, म्हणून देश पुढे गेला. आपल्याकडे आरक्षणाने परंपरागत कौशल्ये मारली.”

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते पाठ झाले आहे. आरक्षणावर वाद सुरू झाला की कुणीतरी जपान काढतोच. इकिगाई, काइझेन, वाबी-साबी हे शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले आहेत. फुटलेला वाडगा सोन्याने सांधणारा म्हातारा आणि एकच काम सत्तर वर्षे मन लावून करणारा कारागीर ही चित्रे व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. चित्रे खोटी नाहीत. जपानी कारागिरी थोर आहे, याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो त्या चित्राच्या चौकटीबाहेर कोणाला ठेवले गेले यावर. त्यासाठी इतिहास तपासावा लागतो. आम्ही तो तपासला, आणि तिथे आम्हाला आमचीच माणसे भेटली.

चार वर्ग आणि त्यांच्या बाहेरचे

तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, जपानी समाजाची मांडणी चार वर्गांत सांगितली जाई : सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी. कारागीर तिसऱ्या क्रमांकावर होता. पण होता, चौकटीच्या आत होता. या चारांच्या बाहेर आणखी माणसे होती. एका गटाला ‘एता’ म्हणत. या शब्दाला जी चिन्हे लावली गेली त्यांचा अर्थच ‘पुष्कळ विटाळ’. दुसऱ्या गटाला ‘हिनिन’ म्हणत, म्हणजे ‘माणूस नसलेला’. हे शब्द शिव्या आहेत. इतिहास सांगण्यापुरतेच आम्ही ते वापरतो.

या माणसांचे काम काय होते? मेलेले बैल-घोडे उचलणे, त्यांची कातडी सोलणे, कातडे कमावणे, ढोल मढवणे, सरस उकळणे, वहाणांचे तळवे बनवणे. याशिवाय तुरुंगाची राखण आणि फाशीच्या जागेवरची कामे त्यांच्या माथी मारलेली होती. ठरलेल्या हद्दीत मेलेले जनावर त्यांच्याच हक्काचे असे. तो हक्क विकता येई, गहाण टाकता येई. हे वाचताना आम्हाला महारांच्या बावन्न हक्कांची आठवण झाली नाही तरच नवल. हक्क म्हणायचे आणि मान मात्र पट्ट्याखाली अडकवायची, ही युक्ती दोन्ही देशांत सारखीच.

विटाळाची कल्पना तिथे ‘केगारे’ या नावाने ओळखली जाते. मृत्यू आणि रक्त यांचा स्पर्श अपवित्र, असे शिंतो परंपरा सांगे. त्यात बौद्ध परंपरेतला जीवहत्या न करण्याचा नियम जोडला गेला आणि दोन्हींचे ओझे कातडे सोलणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले गेले. यातला ढोंगीपणा पाहा. हा माणूस बहुतेक वेळा जनावर मारत नव्हता, आपोआप मेलेले जनावर उचलत होता. माणसे मारण्याचे शिक्षण घेतलेला सामुराई मात्र समाजाच्या शिखरावर होता, आणि त्याच्या चिलखताचे कातडे याच ‘अपवित्र’ हातांनी कमावलेले होते.

हिमेजीचे पांढरे कातडे

पश्चिम जपानमधल्या हिमेजी शहराचा पांढरा किल्ला जगप्रसिद्ध आहे. १९९३ साली तो जागतिक वारसा ठरला. त्याच परिसरात आणखी एक पांढरी वस्तू शतकानुशतके तयार होत आली : कमावलेले पांढरे कातडे. सामुराईंच्या चिलखतांना आणि घोड्यांच्या सामानाला ते लागे.

कातडे कमावायला जगात बहुतेक ठिकाणी झाडाची साल वापरत. आपल्याकडे बाभळीची साल वापरतात. हिमेजीच्या पद्धतीत साल नाही. कच्चे कातडे इचिकावा नदीच्या पाण्यात भिजत ठेवायचे. सूक्ष्म जिवांमुळे केसांची मुळे सैल झाली की केस खरवडून काढायचे. मग मीठ चोळायचे, मोहरीच्या कुळातल्या बियांचे तेल लावायचे आणि पायांनी तुडवायचे. उन्हात वाळवायचे, पुन्हा ओले करायचे, पुन्हा तुडवायचे. पाणी, मीठ, तेल, ऊन आणि माणसाचे पाय, एवढेच साहित्य. अनेक आठवड्यांच्या या मेहनतीनंतर कातडे दुधाळ पांढरे होते. नदीचे पाणी कधी किती थंड असते, मीठ किती पुरे, कातडे तळव्याखाली कसे लागले की थांबायचे, हे ज्ञान पोथीत नव्हते. ते त्या माणसांच्या अंगात होते.

याला रसायनशास्त्र म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? पण त्या शास्त्राला ‘घाण’ म्हटले गेले आणि शास्त्रज्ञाला ‘विटाळ’.

ढोलाचेही तेच. जपानी मंदिरांतला आणि देवस्थानांतला मोठा ताइको ढोल सर्वांनी पाहिलेला असतो. त्याच्यावरचे कातडे ज्यांनी मढवले, त्यांना त्या समाजात बरोबरीचे स्थान नव्हते. आपल्या देवळातला पखवाज आणि नगारा कोण मढवत होते, आणि ते देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत येऊ शकत होते, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

सरसाचेही तेच. जनावरांची कातडी उकळून केलेला सरस आणि काजळी यांपासून जपानी शाईची वडी बनते. त्या शाईने भिक्षूंनी सूत्रे लिहिली, कवींनी कविता लिहिल्या, सरकारने हुकूम लिहिले. ‘एता’ हा शब्दही त्याच शाईने लिहिला गेला. ज्यांच्या सरसाने शाई धरून ठेवली, त्यांच्याचविरुद्ध ती वापरली गेली.

बागा कोणी घडवल्या, शरीर कोणी उघडून दाखवले

कुणी म्हणेल, ही मोठ्या कलांची गोष्ट नाही, ही कातड्याची कामे आहेत. मग मोठ्या कलेकडे जाऊ.

जपानी बाग ही त्या देशाची ओळख. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा या शोगुनच्या पदरी झेनआमी नावाचा बागा घडवणारा होता. त्याची गणना त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ बागकारांत होते. झेनआमी ‘कावारामोनो’ होता, म्हणजे नदीकाठच्या पडीक जागेत राहणाऱ्या, तुच्छ लेखलेल्या लोकांपैकी. त्याचा नातू माताशिरो हाही याच कामातला. आपण अशा घरात जन्मलो याचे दुःख त्याने एका भिक्षूजवळ बोलून दाखवले. आपण जीवहत्या करणार नाही, धनाचा लोभ धरणार नाही, असा त्याने निश्चय केला होता. त्या भिक्षूने ही गोष्ट नोंदवून ठेवली म्हणून ती आज आपल्याला कळते. विचार करा : ज्याच्या हातच्या बागेत बसून लोक मनःशांती शोधत, त्याला स्वतःच्या जन्माबद्दल शांती नव्हती.

क्योतोच्या र्योआन-जी विहारातली पंधरा दगडांची बाग पाहायला जगभरातून माणसे येतात. तिथल्या एका दगडाच्या मागच्या बाजूला नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक ‘कोतारो’ असे वाचता येते. हे बाग घडवणारे कावारामोनो असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. नाव कोरले तेही मागच्या बाजूला, प्रेक्षकाला दिसणार नाही अशा जागी.

दुसरी गोष्ट १७७१ सालची. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्योताकु हे वैद्य हातात डच भाषेतले शरीररचनेचे पुस्तक घेऊन फाशीच्या जागी गेले. समोर एका मृत स्त्रीच्या शरीराचे विच्छेदन होणार होते. पुस्तकातली चित्रे शरीराशी तंतोतंत जुळतात हे पाहून ते थक्क झाले. त्यांनी त्या पुस्तकाचे भाषांतर केले, ते १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जपानी आधुनिक वैद्यकाचा तो पाया मानला जातो. पण सुरी कोणाच्या हातात होती? अस्पृश्य मानलेल्या एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या. हे काळीज, हे यकृत, हे जठर असे तोच एकेक अवयव दाखवत होता. अशी शरीरे त्याने तरुणपणापासून उघडली होती. गेन्पाकुने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हा प्रसंग आहे. म्हाताऱ्याचे वय आहे, त्याच्या नातवाचे नाव आहे. म्हाताऱ्याचे नाव नाही. वैद्य इतिहासात गेले, म्हातारा ‘कुणाचा तरी आजोबा’ राहिला.

एकच रवी, दोन जन्म

आता एक युक्तिवाद येईल : “काम घाणेरडे होते म्हणून माणूस तुच्छ ठरला. काम बदलले की सगळे ठीक.” याचे उत्तर एका छोट्या वस्तूत आहे.

जपानी चहासमारंभात हिरव्या चहाची पूड पाण्यात घुसळायला बांबूची नाजूक रवी लागते. तिला ‘चासेन’ म्हणतात. नारा प्रांतातले ताकायामा हे गाव या रवीसाठी प्रसिद्ध आहे. बांबूचा एकच तुकडा चिरून त्याच्या केसासारख्या बारीक काड्या काढणारे तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सन्मानाने राहिले. त्यांच्या हुनराची गुपिते घराण्याचे वैभव म्हणून जपली गेली. पश्चिम जपानच्या चुगोकु भागात मात्र ‘चासेन’ हे एका तुच्छ लेखलेल्या जमातीचेच नाव होते. तीही माणसे बांबूची कामे करत, रव्या विकत.

बांबू तोच, रवी तीच, चहा तोच. बांबूत कसला आलाय विटाळ? तरी एका ठिकाणी रवी बनवणारा कलावंत आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रवी’ हीच शिवी. म्हणजे कामामुळे माणूस हीन ठरत नाही. माणूस आधी हीन ठरवला जातो आणि मग त्याच्या कामाला वास येऊ लागतो. जातिव्यवस्था नुसते काम वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि एकाखाली एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले. ताकायामाची रवी त्याचा जपानी पुरावा आहे.

मुक्तीचा हुकूम आणि बुटांचा दिवस

१८७१ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून ‘एता’, ‘हिनिन’ ही नावे रद्द केली. ही माणसे आता सामान्य नागरिक झाली. कागदावर. त्याच वर्षी, त्या हुकमाच्या काही महिने आधी, मेलेल्या जनावरांवरचा त्यांचा एकाधिकारही संपवला गेला होता. म्हणजे मान मिळण्याआधीच भाकरी गेली. जमीन दिली नाही, भांडवल दिले नाही. पुढच्या वर्षीच्या कुटुंबनोंदणीत कितीतरी ठिकाणी त्यांच्या नावापुढे ‘नवे सामान्यजन’ असा शेरा मारला गेला, म्हणजे जुनी जात नव्या शाईने लिहिली गेली. ती नोंदवही लोकांना पाहण्यासाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडले. आणि १८७३ मध्ये पश्चिम जपानच्या मिमासाका भागात संतप्त शेतकऱ्यांनी या ‘नव्या सामान्यजनां’च्या वस्त्यांवर हल्ले केले, घरे जाळली, माणसे मारली. मुक्तीच्या हुकमाने ज्यांचे काहीच गेले नव्हते, त्यांना खाली पाहायला कुणी उरणार नाही हे सहन झाले नाही.

याच काळात जपानी सैन्याला पाश्चात्त्य पद्धतीचे बूट हवे होते. कातड्याचे शेकडो वर्षांचे ज्ञान कोणाकडे होते? एदो आणि पूर्व जपानातल्या अस्पृश्यांचा वंशपरंपरागत प्रमुख दानझाएमोन या पदनामाने ओळखला जाई. या पदावरच्या शेवटच्या माणसाने, दान नाओकीने, परदेशी तज्ज्ञ आणून आपल्या लोकांना नव्या पद्धतीचे कातडे आणि बूट शिकवण्याचा कारखाना काढला. पुढे कारखाना त्याच्या हातून गेला. आज जपानमध्ये १५ मार्च हा ‘बुटांचा दिवस’ मानतात. १८७० साली त्या दिवशी निशिमुरा कात्सुझो याने तोक्योत बुटांचा कारखाना सुरू केला, म्हणून. निशिमुरा सामुराई घराण्यातला. त्याच्या कर्तृत्वाला आम्ही कमी लेखत नाही. पण चामड्याच्या इतिहासाला वाढदिवस द्यायची वेळ आली, तेव्हा कॅलेंडरवर कोणाचा दिवस आला, हे नोंदवून ठेवतो.

सरस उकळणाऱ्या घरातून

३ मार्च १९२२. क्योतोच्या ओकाझाकी सभागृहात देशभरातून आलेल्या या समाजाने स्वतःची संघटना उभी केली : सुइहेइशा, म्हणजे पाण्याच्या पातळीसारखी समता मानणाऱ्यांचा संघ. तिचे बीज नारा प्रांतातल्या एका खेड्यात पडले. जाहीरनामा लिहिणारा साइको मान्किची विहारातल्या पुजाऱ्याचा मुलगा, आणि त्याचा सोबती साकामोतो सेइइचिरो सरस बनवणाऱ्या घरातला. त्यांनी झेंडा निवडला तो काळा, त्यावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट. जाहीरनाम्यात त्यांनी आपल्या पूर्वजांचे कातडे सोलण्याचे काम लपवले नाही. त्या कामाची किंमत म्हणून समाजाने आपल्यालाच कसे सोलले, हे सांगितले, आणि दयेची भीक नाकारून स्वतःच्या बळावर माणुसकी मागितली.

पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, कोरियात खाटीककाम करणाऱ्या पेकजोंग समाजाने ह्योंगप्योंगसा ही संघटना काढली. १९२४ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२७ मध्ये महाड झाले. आशियाच्या तीन टोकांना मेलेल्या जनावरांशी बांधून ठेवलेली माणसे पाच वर्षांच्या आत उठून उभी राहिली. हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. तीनही ठिकाणी शिक्षण घेतलेली पहिली पिढी तयार झाली होती आणि तिला उपकार नको होते. सुइहेइशा आणि ह्योंगप्योंगसा यांच्या परस्परसंबंधांची कागदपत्रे २०१६ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीत समाविष्ट झाली.

‘अनाम’ कारागिराचे कौतुक

सुइहेइशा उभी राहत होती त्याच दशकात जपानमध्ये दुसरी एक चळवळ सुरू झाली. यानागी सोएत्सु या विचारवंताने कुंभार हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो यांच्यासोबत १९२५ मध्ये ‘मिंगेइ’ हा शब्द घडवला : लोकांची कला. श्रीमंतांसाठी घडवलेल्या वस्तूंपेक्षा रोजच्या वापरातला वाडगा, टोपली, चादर यांत खरे सौंदर्य आहे, आणि ते घडवणारा अनाम कारागीरच खरा थोर, असे ते म्हणाले. १९३६ मध्ये त्यांनी तोक्योत लोककलांचे संग्रहालय उभारले.

सामान्य माणसाच्या हाताला मान देणारा हा विचार मोठाच होता. तरी आम्हाला एक प्रश्न पडतो. नाव असूनही ते सांगण्याची गरज न वाटणे हा साधेपणा झाला. नाव सांगितले तर मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, म्हणून गप्प राहणे हा साधेपणा नव्हे. बाहेरून दोन्ही ‘अनाम’च दिसतात. पहिल्याचे अनामपण सद्गुण असू शकते, दुसऱ्याचे अनामपण शिक्षा असते. दोघांना एकाच कौतुकाच्या चादरीखाली झाकले, की शिक्षा दिसेनाशी होते.

१९७५ : एकाच वर्षी दोन याद्या

आता मूळ मुद्दा. १९७४ मध्ये जपानने पारंपरिक हस्तकला उद्योगांना उत्तेजन देणारा कायदा केला. निकष नेमके होते : वस्तू रोजच्या जगण्यातली असावी, मुख्यतः हाताने बनलेली असावी, तंत्र आणि साहित्य सुमारे शंभर वर्षे टिकलेले असावे, आणि ती ठरावीक प्रदेशात पुरेशा कारागिरांकडून बनत असावी. पहिल्या वस्तू १९७५ मध्ये जाहीर झाल्या. आज ही यादी २४० च्या पुढे गेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की बहुतेक वस्तू गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावानेच ओळखली जाते : नाम्बुची लोखंडी किटली, ताकायामाची रवी. कातड्याची म्हणून त्यात ठळकपणे दिसते ती कोशूची ‘इन्देन’, हरणाच्या कातड्यावर लाखेची नक्षी. ‘इन्देन’ या नावाचा संबंध तर इंडियाशी, म्हणजे भारतातून गेलेल्या रंगीत कातड्याशी जोडला जातो. ही झाली पहिली यादी. गावाचे नाव म्हणजे अभिमान, गावाचे नाव म्हणजे भाव.

त्याच १९७५ च्या नोव्हेंबरात एका निनावी पत्राने दुसरी यादी उघडकीला आणली. देशभरातल्या बुराकु वस्त्यांची नावे, पत्ते, घरांची संख्या आणि तिथले मुख्य व्यवसाय, एवढी माहिती देणारी पुस्तके गुप्तपणे छापून कंपन्यांना विकली जात होती. दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती आणि त्यांत मोठमोठी नावे होती. हेतू एकच : नोकरीसाठी अर्ज करणारा मुलगा कुठला आहे हे तपासायचे आणि त्या पुस्तकात त्याचा पत्ता सापडला तर त्याला घरी पाठवायचे. लग्न ठरवतानाही अशाच चौकशा होत.

दोन्ही याद्यांत काय होते? गावाचे नाव आणि तिथला व्यवसाय. रकाने तेच. एका यादीत ते रकाने भरले की वस्तूवर सन्मानाचा शिक्का लागे, दुसऱ्या यादीत भरले की माणसावर डाग लागे. ‘आमच्या गावात शंभर वर्षे हेच काम चालत आले’ हे एकच वाक्य एकाला अनुदान मिळवून देत होते आणि दुसऱ्याची नोकरी घालवत होते. जपानमध्ये श्रमाला प्रतिष्ठा आहे असे ऐकवणाऱ्यांनी या दोन याद्या एकदा शेजारी ठेवून वाचाव्यात.

ही गोष्ट अजून संपलेली नाही. २०१६ मध्ये बुराकु भेदभाव निर्मूलनाचा कायदा करावा लागला. वस्त्यांच्या याद्या इंटरनेटवर टाकण्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने भेदभावाशिवाय जगण्याचा हक्क मान्य केला. म्हणूनच या लेखात आम्ही वस्त्यांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

बौद्ध देशात हे कसे?

हा प्रश्न आमच्याच घरातला आहे, तो टाळून चालणार नाही. जपान बौद्ध देश म्हणून आम्हाला जवळचा वाटतो. भदंत सुरेई ससाई जपानमधून नागपूरला आले आणि आमचे झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी धम्मबांधवांच्या दानातून उभे राहिले. तरीही सांगितले पाहिजे : त्याच जपानमध्ये विहारांनी या माणसांच्या मृत्यूनंतरच्या धम्मनावांत ‘पशू’, ‘कातडे’ अशा अर्थांची चिन्हे घातली. ती नावे थडग्यांवर कोरली गेली. मेल्यावरही जात सुटली नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुखांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकु चळवळीने त्यांना जाब विचारला, आणि १९८४ च्या परिषदेत त्यांना आपले म्हणणे मागे घेऊन माफी मागावी लागली.

यावरून आम्ही बुद्धाला दोष देत नाही. धडा असा की, बुद्धाचे नाव घेतल्याने विषमता आपोआप जात नाही. ती नाकारण्याची शपथ घ्यावी लागते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा का घातली, हे जपानचा इतिहास वाचल्यावर अधिक कळते.

सोडायचे की वाजवायचे?

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि अपमानाची कामे सोडायला सांगितले. १९८७ साली ओसाका शहरातल्या नानिवा भागात, जिथे शतकानुशतके ढोल बनत आले, तिथल्या तरुणांनी ढोल वाजवणारे पथक काढले. आपल्या लोकांनी ढोल फक्त बनवायचे आणि वाजवायचे दुसऱ्यांनी, हे त्यांना मान्य नव्हते. पथकाचे नाव त्यांनी ठेवले ‘इकारी’, म्हणजे संताप.

एकाने सोडले, दुसऱ्याने हातात घेतले. यात विरोध आहे का? आम्हाला वाटत नाही. सोडण्याचा हक्क नसेल तर धरून ठेवण्याला अभिमान म्हणता येत नाही, ती फक्त सक्ती असते. नानिवाच्या तरुणांना ढोल सोडून शाळेत, कचेरीत, कारखान्यात जाण्याची वाट चळवळीने आधी लढून उघडली. १९६९ पासून २००२ पर्यंत सरकारला त्या वस्त्यांसाठी विशेष योजना राबवाव्या लागल्या. त्यानंतर त्यांनी ढोल पुन्हा उचलला तो आपल्या मर्जीने, आपल्या नावाने, आपल्या पत्त्यासह.

म्हणून आपल्याकडे जेव्हा कुणी ‘परंपरागत कौशल्य’ म्हणतो तेव्हा आम्ही सावध होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अठरा व्यवसायांसाठी १३ हजार कोटींची विश्वकर्मा योजना आणली. कारागिराला अवजारे आणि कर्ज मिळाले तर आम्हाला आनंदच आहे. पण तिच्या उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेला व्यवसाय बळकट करण्याची भाषा आहे, आणि त्या अठरांत चर्मकारही आहे. मुलाने बापाचेच काम करावे हे ज्या देशात धर्माने सांगितले, त्या देशात ही भाषा निष्पाप राहत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये तशीच चप्पल मिलानच्या मंचावर प्रादाने मिरवली तेव्हा सारा महाराष्ट्र ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून रागावला. तो राग आम्हालाही आला. पण चप्पल ‘आमची’ म्हणणाऱ्यांनी ती शिवणाऱ्याला, तिचे कातडे कमावणाऱ्या ढोराला कधी ‘आमचा’ म्हटले होते का? त्याला घर भाड्याने दिले होते का?

जपानकडून शिकायचे तर हे शिकावे. कारागिरीच्या गौरवाची कसोटी संग्रहालयात लागत नाही, अनुदानाच्या आकड्यात लागत नाही. दोन साध्या प्रश्नांत लागते. तो कारागीर आपले आडनाव आणि आपल्या वस्तीचा पत्ता कुणालाही न घाबरता सांगू शकतो का? आणि त्याची मुलगी तेच काम नको म्हणून डॉक्टर झाली, किंवा डॉक्टर होता येत असूनही तेच काम निवडले, तर दोन्ही वेळा समाज तिला सारखाच मान देतो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ येईल त्या दिवशी चपलेवर, ढोलावर, पांढऱ्या कातड्यावर अभिमानाचे शिक्के खुशाल मारा. तोपर्यंत ती यादी अपुरी आहे, आणि तिच्यात नसलेली नावे आम्ही सांगत राहू.

जय भीम.